व्हॅक्सची असेंब्ली अल्फावर : मॅक्रो-३२ कंपायलरचे परीक्षण

व्हॅक्स संगणकांसाठी असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या आज्ञांच्या भाषेत, लिहिलेले प्रोग्राम पुढच्या पिढीच्या अल्फा संगणकांवर नेता यावेत म्हणून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने जे साधन तयार केले, त्या मॅक्रो-३२ कंपायलरचे हे परीक्षण आहे. साधन जुने असले तरी मृत नाही. अल्फानंतर ते इटॅनियमवर आले, आणि आता एक्स८६-६४ वरच्या ओपनव्हीएमएस या कार्यप्रणालीसोबतही मिळते. निष्कर्ष आधीच सांगतो. व्हॅक्सच्या आज्ञांचे रूपांतर हा कंपायलर जवळजवळ विनातक्रार करतो. पण जुन्या प्रोग्रामरने जे कुठेच लिहून ठेवले नाही ते तो स्वतः ताडत नाही, तुमच्याकडून लिहून घेतो. हे साधन चांगले की त्रासदायक, याचे उत्तर या एका स्वभावावर अवलंबून आहे, आणि माझ्या मते ते चांगले आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९७० साली आलेला पीडीपी-११ हा १६ बिटांचा आणि आठ रजिस्टरांचा (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली मूल्य ठेवण्याची जागा) मिनीकॉम्प्युटर होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये जाहीर झालेला व्हॅक्स-११/७८० हा ३२ बिटांचा व सोळा रजिस्टरांचा होता, आणि त्याच्या हार्डवेअरमध्येच पीडीपी-११ च्या आज्ञा चालवणारी एक वेगळी अवस्था ठेवलेली होती. त्यामुळे त्या स्थलांतरात घाई नव्हती. जुना प्रोग्राम तसाच चालवता येत असे, आणि मॅक्रो-११ या पीडीपी-११ च्या असेंब्लीतला कोड मॅक्रो-३२ या व्हॅक्सच्या असेंब्लीत हाताने लिहून काढायचा म्हटले तरी ओळीची ठेवण, निर्देश आणि ॲड्रेसिंगच्या बऱ्याचशा पद्धती ओळखीच्या असत. १९९२ साली अल्फा आला तेव्हा अशी कोणतीही सवलत नव्हती. ६४ बिटांची रुंदी, प्रत्येकी नेमक्या ३२ बिटांच्या आज्ञा, ३२ पूर्णांक रजिस्टरे, मेमरीशी व्यवहार फक्त वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या आज्ञांतून, आणि कंडिशन कोड (आज्ञेच्या उत्तराविषयी प्रोसेसरने ठेवलेल्या खुणा) मुळातच नाहीत. व्हॅक्सच्या जवळजवळ प्रत्येक गृहीतकाला छेद देणारी अशी ही रचना होती.

आणि व्हीएमएस या डिजिटलच्या कार्यप्रणालीचा (पुढे तिलाच ओपनव्हीएमएस म्हटले गेले) स्वतःचाच मोठा भाग मॅक्रो-३२ मध्ये लिहिलेला होता. तो सगळा उच्चस्तरीय भाषेत नव्याने लिहिणे वेळेत बसणारे नव्हते. तेव्हा डिजिटलच्या अभियंत्यांनी वेगळा विचार केला. व्हॅक्सची असेंब्ली ही यंत्राची भाषा आहे हे बाजूला ठेवून तिला फोरट्रान किंवा बीएलआयएसएससारखी एक उगमभाषा मानायचे आणि तिच्यासाठी रीतसर कंपायलर लिहायचा. त्याच्या मागच्या टोकाला जीईएम ही डिजिटलच्या इतर भाषांनाही सामाईक असलेली कोड-निर्मितीची आणि ऑप्टिमायझेशनची यंत्रणा जोडली गेली. ज्या कंपनीला स्वतःची कार्यप्रणालीच या साधनातून गाळून काढायची होती, तिने ते कामचलाऊ बनवले नाही याचे नवल नाही.

ओळीला ओळ लावून रूपांतर केले असते तर काय झाले असते, हे एका उदाहरणावरून दिसते. व्हॅक्सवर मेमरीतल्या दोन संख्या जोडून बेरीज मेमरीतच तिसऱ्या जागी ठेवणे ही एकच आज्ञा आहे. अल्फावर त्यासाठी दोन वाचने, एक बेरीज आणि एक लेखन लागते. पण व्हॅक्सची ती आज्ञा बेरजेबरोबरच उत्तर शून्य आहे का, ऋण आहे का, ओव्हरफ्लो झाला का, हातचा (कॅरी) आला का, अशा चार खुणाही उमटवते. दर आज्ञेनंतर त्या चार खुणा अल्फावर हिशोब करून ठेवायच्या ठरवल्या तर कोड फुगत जाईल, आणि त्यातल्या बहुतेक खुणा पुढे कोणी वाचणारही नाही. हा कंपायलर पुढचा कोड पाहतो, कोणत्या शाखेला कोणती खूण खरोखर लागते ते शोधतो आणि तेवढीच तपासणी निर्माण करतो. साध्या अनुवादकात आणि कंपायलरमध्ये जो फरक आहे तो हाच, आणि कंपायलरच्या यादीत (लिस्टिंगमध्ये) यंत्राचा कोड मागवून पाहिला की तो पानोपानी दिसतो.

खरी कसोटी मात्र सबरूटीनच्या, म्हणजे बोलावून वापरायच्या कोडाच्या तुकड्याच्या, दाराशी लागते. व्हॅक्सवर सबरूटीन बोलावण्याचे दोन मार्ग होते. कॉल्स किंवा कॉलजी या आज्ञांनी बोलावलेल्या रूटीनच्या तोंडाशी रजिस्टरांचा मास्क लिहिलेला असे, कोणती रजिस्टरे जपायची ते त्यातून हार्डवेअरला कळे, आणि आर्ग्युमेंटची (रूटीनला दिलेल्या मूल्यांची) यादी एपी (आर्ग्युमेंट पॉइंटर) या रजिस्टरमधून मिळे. अशा रूटीनबाबत कंपायलर फारसे काही विचारत नाही; जुना एन्ट्री निर्देश तो स्वतःच नव्या कॉल-एन्ट्री निर्देशासारखा वाचतो. दुसरा मार्ग जेएसबी आणि बीएसबी या आज्ञांचा. त्यात परतीचा पत्ता स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या मूल्यांच्या ढिगावर) ढकलणे आणि उडी मारणे यापलीकडे काहीच घडत नसे. कोणत्या रजिस्टरात काय द्यायचे, कोणत्यात काय परत मिळणार, कोणते रजिस्टर मोडले तरी चालेल, हे सगळे दोन प्रोग्रामरांमधल्या तोंडी व्यवहारासारखे होते. फार तर वर एखादी टिप्पणी असे, आणि तीही कोड बदलल्यावर कोणी बदललेली नसे. मॅक्रो-३२ कंपायलर हा तोंडी व्यवहार कागदावर आणायला लावतो. जेएसबीने बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक दाराशी जेएसबी-एन्ट्री हा निर्देश लिहावाच लागतो, आणि त्यासोबत इनपुट, आउटपुट, स्क्रॅच (मोडले तरी चालेल) व प्रिझर्व्ह (जपायचे) या चार शब्दांनी रजिस्टरांची भूमिका सांगता येते.

हे शब्द नुसते दस्तऐवजीकरण नाहीत, त्यांवर निर्माण होणारा कोड अवलंबून असतो. समजा, एक रूटीन आर१ मध्ये तक्त्याचा पत्ता आणि आर२ मध्ये लांबी घेते, शोध लागला की नाही ते आर० मध्ये सांगते आणि सापडलेल्या नोंदीचा पत्ता आर३ मध्ये ठेवून परतते. व्हॅक्सवर हे वर्षानुवर्षे चालले असेल. अल्फावर त्याच्या दाराशी निव्वळ जेएसबी-एन्ट्री लिहून, कोणतेही रजिस्टर न सांगता कंपाइल केले, तर कंपायलर आपल्या ठरलेल्या नियमाने वागतो : आर० आणि आर१ वगळता रूटीनने बदललेले प्रत्येक रजिस्टर आत येताना जपायचे आणि बाहेर जाताना ६४ बिटांसकट पूर्ववत करायचे. म्हणजे आर३ मध्ये कष्टाने ठेवलेला पत्ता परतीच्या क्षणी पुसला जातो आणि बोलावणाऱ्याला आपलेच जुने मूल्य परत मिळते. कंपाइल बिनबोभाट होते, लिंकही होते, आणि प्रोग्राम चुकीचा चालतो. आउटपुटमध्ये आर३ लिहिले की प्रश्न मिटतो. इनपुटचा उपयोगही असाच आहे : त्या रजिस्टरात आत येताना अर्थपूर्ण मूल्य असल्याचे कंपायलरला कळते आणि तो ते तात्पुरत्या कामासाठी वापरत नाही.

आउटपुट रजिस्टरे शोधण्याचे काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे, कारण व्हॅक्सच्या काही आज्ञा रजिस्टरांत गुपचूप मूल्ये सोडून जातात. मूव्हसी३ ही स्ट्रिंग हलवणारी आज्ञा संपते तेव्हा आर१ मध्ये स्रोताच्या लगेच पुढचा आणि आर३ मध्ये गंतव्याच्या लगेच पुढचा पत्ता असतो. अनुभवी व्हॅक्स प्रोग्रामर ते आर३ पुढच्या मजकुराची सुरुवात म्हणून थेट वापरीत, आणि कधी कधी तसेच बोलावणाऱ्याकडेही सोपवीत. अशा रूटीनमध्ये आर३ हे नाव कोडात एकदाही येत नाही. तेव्हा संपादकात शोध घेऊन आउटपुटची यादी करणाऱ्याच्या हातून नेमकी महत्त्वाची नोंद निसटते. इथे कंपायलरचे संकेत कामाला येतात. फ्लॅग या पर्यायात संकेत मागितले की कोणती रजिस्टरे इनपुट आणि कोणती आउटपुट वाटतात, हे तो प्रत्येक दारापाशी सुचवतो. ते अंदाज आहेत हे विसरू नये. रूटीन ज्या दुसऱ्या रूटीनला बोलावते, तिच्याकडून झिरपत येणारी मूल्ये त्याला दिसतातच असे नाही, आणि बोलावणाऱ्याला त्यातले नेमके काय हवे आहे हे तर त्याला कळणे शक्यच नाही. संकेत आंधळेपणाने उतरवून घेणारा आणि संकेत न पाहणारा, दोघेही सारखेच अडचणीत येतात.

स्टॅकवरच्या कसरतींबाबत कंपायलर ठाम आहे, आणि ते योग्यच आहे. व्हॅक्सवर परतीचा पत्ता स्टॅकच्या माथ्यावर असतो, अल्फावर तो रजिस्टरात येतो. त्यामुळे माथ्यावरचा एक लाँगवर्ड (३२ बिटांचे मूल्य) फेकून थेट बोलावणाऱ्याच्या बोलावणाऱ्याकडे परतणे, किंवा स्टॅकवर एखाद्या लेबलचा पत्ता ठेवून आरएसबी या सबरूटीनमधून परतण्याच्या आज्ञेने तिथे उडी घेणे, या जुन्या लाडक्या युक्त्या अल्फावर निरर्थक ठरतात. कंपायलर त्या ओळखून दाखवतो. स्टॅकच्या माथ्यावरचा पत्ता काढून त्याच दमात तिथे जेएसबी करणारी को-रूटीनची (दोन रूटीनांनी आळीपाळीने चालण्याची) पद्धतही अशीच. व्हीएमएसच्या आतल्या कोडातही ती वापरली गेली होती, आणि तिला स्वतंत्र रूटीनांत फोडण्यावाचून इलाज नाही. सबरूटीनने कॅरीची खूण उभी करून परतायचे आणि बोलावणाऱ्याने त्यावर शाखा घ्यायची, ही पीडीपी-११ च्या काळापासूनची सवयही इथे चालत नाही. यश-अपयश आर० मध्येच सांगावे लागते. आज्ञांच्या मधोमध पेरलेला डेटा वेगळ्या विभागात हलवावा लागतो, आणि चालता चालता स्वतःलाच बदलणारा कोड तर विसरूनच जावा. उलट, एफपी (चालू रूटीनच्या कॉल फ्रेमचा पत्ता ठेवणारे रजिस्टर) ने दाखवलेल्या जागी हँडलरचा पत्ता ठेवून अपवाद पकडण्याची रूढ पद्धत कंपायलर बरोबर ओळखतो आणि अल्फाच्या पद्धतीने हँडलर बसवून देतो. कॉल फ्रेममधल्या इतर जागांत हात घातला की मात्र इशारा येतो.

ज्या आर्ग्युमेंटांसाठी एपी वापरला जात असे, त्यातली पहिली सहा अल्फावर रजिस्टरांतून येतात. एपीपासून ठरावीक अंतरावरचे साधे संदर्भ कंपायलर आपोआप त्या रजिस्टरांकडे वळवतो. पण एखाद्या रूटीनने एपी दुसऱ्या रजिस्टरात उचलून आर्ग्युमेंटांवरून तक्त्यासारखे फिरायचे ठरवले असेल, तर ती सगळी मेमरीत व्हॅक्सच्या मांडणीनुसार उतरवून ठेवणारा कोड निर्माण होतो. सोय चांगली आहे, तिची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ज्या रूटीन सतत बोलावल्या जातात तिथे ती टाळावी.

आता त्या भागाकडे येतो जिथे कंपायलरची मर्यादा सर्वांत जास्त जाणवते : मेमरी. व्हॅक्सवर मेमरीतल्या संख्येत एक मिळवणारी आज्ञा त्या प्रोसेसरवर अर्धवट तुटत नाही. मध्ये इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारा संकेत) आला तरी वाचन आणि लेखन यांच्या दरम्यान कोणी घुसत नाही. अल्फावर तीच गोष्ट तीन आज्ञांत होते आणि मधल्या फटीत इंटरप्ट सहज येऊ शकतो. इंटरप्ट रूटीन किंवा एएसटी (एखादी घटना घडताच कार्यप्रणाली मध्येच चालवते ते रूटीन) आणि मुख्य प्रोग्राम एकच मोजणी वापरत असतील, तर ती केव्हातरी चुकते. चाचणीत नाही, नेमकी भार असताना. त्यावर ॲटॉमिसिटी जपण्याचा पर्याय आहे. तो लावला की कंपायलर लॉक करून वाचण्याची व अटीवर लिहिण्याची फेरी निर्माण करतो. शिवाय सुरुवातीच्या अल्फांना एकटा बाइट लिहिण्याची आज्ञाच नव्हती. अख्खा शब्द वाचायचा, त्यात बाइट घालायचा आणि शब्द परत लिहायचा. म्हणून शेजारच्या बाइटवर दुसऱ्या कोणी केलेले लेखन पुसले जाण्याचा धोका असे, आणि त्यासाठी ग्रॅन्युलॅरिटी जपण्याचा वेगळा पर्याय दिला आहे. हे पर्याय संपूर्ण मॉड्यूलला सरसकट लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. निर्देशांनी ते हव्या तेवढ्याच ओळींभोवती चालू-बंद करता येतात, आणि तसेच करावे, कारण त्या फेऱ्या महाग असतात.

महाग असण्यापेक्षा मोठी अडचण अलाइनमेंटची, म्हणजे डेटा योग्य सीमेच्या पत्त्यावर असण्याची, आहे. व्हॅक्स कोणत्याही पत्त्यावरून लाँगवर्ड निमूटपणे वाचतो. अल्फावर तसे केल्यास अपवाद उठतो आणि प्रणाली त्याची मागच्या मागे दुरुस्ती करते. प्रोग्राम चालतो, पण संथ. लॉक करून केलेल्या वाचनाला मात्र अशी दुरुस्ती मिळू शकत नाही. म्हणजे ज्या डेटावर ॲटॉमिसिटी हवी, तो योग्य सीमेवर बसवणे ही निव्वळ वेगाची बाब न राहता बरोबर-चूक ठरवणारी बाब होते. पत्ता रजिस्टरातून येत असेल तर तो सीमेवर आहे की नाही हे कंपायलरला स्वतःहून कळू शकत नाही. ते सांगण्यासाठी सेट-रजिस्टर्स हा निर्देश आहे, आणि नेटवर्कवरून आलेली पाकिटे किंवा ठासून भरलेल्या फाइल-नोंदी हाताळणाऱ्या कोडात तो वापरल्यावाचून चालत नाही.

एकाहून अधिक प्रोसेसर असतील तर आणखी एक अदृश्य गृहीतक उघडे पडते. आधी डेटा लिहायचा आणि मग "तयार" अशी खूण लिहायची, हा क्रम व्हॅक्सवर दुसऱ्या प्रोसेसरलाही तसाच दिसे. अल्फा ती हमी देत नाही. व्हॅक्सच्या इंटरलॉक्ड आज्ञांभोवती कंपायलर आवश्यक ते मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखायला लावणाऱ्या आज्ञा) घालतो, पण साध्या मूव्ह आज्ञांनी रचलेल्या अशा साखळीत ते तुम्हालाच घालावे लागतात. त्यासाठी आणि अल्फाच्या ६४-बिट आज्ञांसाठी ईव्हॅक्स या उपसर्गाची बिल्ट-इन दिलेली आहेत. नाव अल्फाच्या आतल्या जुन्या ओळखीवरून आले आहे आणि पुढे इटॅनियमवरही तेच राहिले. या बाबतीत कंपायलर इशारा देत नाही. देऊही शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती दोन निष्पाप लेखने असतात. माझ्या मते या साधनाच्या वापरातला सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि पोर्टिंगच्या मार्गदर्शक पुस्तिकेतले त्याविषयीचे प्रकरण काम सुरू करण्यापूर्वी वाचावे, अडल्यावर नव्हे.

मेमरीच्या पानाच्या (पेजच्या) आकाराचा मुद्दा त्या मानाने सोपा. व्हॅक्सचे पान ५१२ बाइटांचे, अल्फा संगणकांचे ८ किलोबाइटांचे. जुन्या कोडात ५११ चा मास्क किंवा नऊ बिटांची सरक दिसली की थांबून पाहावे, एवढेच.

वेगाविषयी सरसकट विधान करणे कठीण आहे. सरळ पूर्णांकी कोड उत्तम उतरतो. पॅक्ड डेसिमलच्या (दशमान अंक ठासून ठेवलेल्या संख्यांच्या) आज्ञा मात्र आतून रूटीन बोलावून पार पाडल्या जातात, आणि हिशोबाचे प्रोग्राम त्यांवर उभे असतील तर ते भाग वेगळे काढून दुसऱ्या भाषेत लिहिणे शहाणपणाचे ठरते. डीबगरमधून मूळ व्हॅक्स ओळींवर थांबता येते, ही मोठी सोय आहे. पण ऑप्टिमायझेशन चालू असताना ओळींचा क्रम उड्या मारतो, म्हणून पहिल्या फेरीत ते बंद ठेवावे.

पर्याय कोणते होते? डिजिटलनेच व्हेस्ट नावाचा बायनरी अनुवादक दिला होता, जो उगम कोड न मागता व्हॅक्सची तयार इमेजच (चालवण्याजोगी प्रोग्राम-फाइल) अल्फावर चालण्याजोगी करून देई. उगम हरवला असेल तर तो देवासारखा होता, मात्र त्यातून देखभाल करण्याजोगे काही हाती लागत नाही. आज सिम्‌एचसारखा एम्युलेटर अख्खा व्हॅक्सच उभा करून देतो, आणि ज्याला प्रोग्राम फक्त जिवंत ठेवायचा आहे त्याने खुशाल तोच मार्ग घ्यावा. प्रोग्राम बदलत राहणार असेल, त्यात भर पडणार असेल, तर मात्र मॅक्रो-३२ कंपायलरला तोड नाही. अल्फासाठी केलेली मेहनत पुढे वाया जात नाही, हे त्याचे आणखी एक बळ. इटॅनियमवर नेताना बहुतेक दारांच्या घोषणा तशाच चालतात. इतर भाषांतल्या रूटीन जेएसबीने बोलावल्या असतील तेथे रजिस्टर जपण्याचे नियम वेगळे असल्याने लिंकेज (बोलावण्याची पद्धत) सांगणारे नवे निर्देश लागतात. एक्स८६-६४ वर तर रजिस्टरेच सोळा आहेत, म्हणून अल्फाच्या रजिस्टरांची मूल्ये मेमरीत सांभाळावी लागतात. तरीही उगम कोड मात्र ओळखता येईल असाच राहतो.

आज हे साधन हवे असेल तर व्हीएसआय (व्हीएमएस सॉफ्टवेअर इन्क.) या कंपनीकडचे ओपनव्हीएमएस घ्यावे लागते. २०१४ पासून पुढचा विकास त्यांच्याकडे आहे आणि एक्स८६-६४ साठीची ९.२ ही आवृत्ती जुलै २०२२ मध्ये आली. हौशी वापरासाठीच्या परवान्याच्या अटी मधल्या काळात बदलल्या आहेत, तेव्हा ताज्या अटी तपासूनच यंत्राची निवड करावी. काम हाती घेताना आधी सर्व जेएसबी दारांची यादी करावी, संकेत चालू ठेवून कंपाइल करावे, प्रत्येक संकेत बोलावणाऱ्यांच्या कोडाशी ताडून पाहावा आणि मगच घोषणा पक्क्या कराव्यात. शेवटची चाचणी एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर, भार टाकूनच घ्यावी. एका प्रोसेसरवर मिळालेला निर्वाळा सामाईक मेमरी वापरणाऱ्या कोडाच्या बाबतीत ग्राह्य धरू नये.